कुंपण गेले, संशय राहिला

सोलापूरच्या सेटलमेंट भागातल्या आजी-आजोबांच्या पिढीने तारेचे कुंपण पाहिले, रोजची हजेरी दिली. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना १८७१पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. बाहेर जायचे तर पास. हजेरी चुकली तर शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्या कायद्याच्या जागी आले आणि पोलिसांची नजर बदलली नाही. कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावरच जाते.

२००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीने भारताला हा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा रद्द करायला सांगितले. ऑक्टोबर २०२४मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगनियमांतही जन्मावरूनच शिक्का मारणारी जातीनिहाय कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. संयुक्त राष्ट्रांनी सांगावे, एका पत्रकाराने न्यायालयात झगडावे आणि लोकप्रतिनिधींनी ढिम्म बसावे, हे आम्हाला मान्य नाही. जिथे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे उरले आहेत तिथे ते मोडीत काढा. संशयावरून उचललेल्या प्रत्येक विमुक्ताच्या अटकेचे कारण लेखी द्या. आणि पालावर जाऊन तक्रारी लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्याला चौकीत दमदाटी नव्हे, खुर्ची मिळाली पाहिजे.