दुकान बंद झाले, माणसाचे काय?

दारूच्या प्रश्नावर समाजवादी चळवळीची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी दारू-दुकानांच्या परवान्यांना विरोध केला. तो वारसा आपण अभिमानाने सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात जनआंदोलनाच्या रेट्याने १९९३ मध्ये दारूबंदी आली. गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या लढ्यांतही आपले कार्यकर्ते होते. तथापि या साऱ्या लढ्यांत एक माणूस आपल्या हिशेबाबाहेरच राहिला. तो म्हणजे स्वतः दारू सोडू पाहणारा माणूस.

वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील मार्गासनीचे उदाहरण घेऊ. गुंजवणीच्या खोऱ्यातील या गावचा एखादा मजूर पुण्यास येऊन व्यसनमुक्तीचा उपचार घेतो, असे समजा. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली येरवड्यास सुरू झालेल्या मुक्तांगणासारख्या संस्था हे काम निष्ठेने करीत आहेत. उपचार संपवून तो गावी परततो तेव्हा शरीरातून दारू गेलेली असते; पण फाट्यावरचा कट्टा तोच, सोबती तेच, डोक्यावरचे कर्जही तेच असते. उपचारानंतर सातत्याने बैठकांना या, असे त्याला सांगितलेले असते. त्या बैठकीसाठी त्याला पुणे गाठावे लागत असेल, तर जाण्यासाठीच सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास आला. त्यात दिवसाचा रोजगार बुडतो, भाड्याला पैसे जातात आणि संध्याकाळची बैठक आटोपेपर्यंत परतीची एस.टी. मिळेल याचा भरवसा नसतो. तीन-चार आठवड्यांनी तो जाणे सोडतो आणि गाव म्हणते, 'याच्यात निश्चयच नाही.' वस्तुतः उणीव निश्चयाची नसून सोबतीची असते.

या बैठका म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. १९३५ साली अमेरिकेतील अक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने ग्रासलेले, एकमेकांना आधार देऊ लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली. तिथे फी नाही. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. एक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात. खर्च सभासदच आपसांत भागवितात, बाहेरची देणगी घेत नाहीत. कुणी कुणाचा मालक नाही, कुणी कायमचा पुढारी नाही. ज्या समतेची आपण भाषणे करतो, ती येथे एका खोलीत आणि चार खुर्च्यांवर नांदते.

अशी बैठक शोधणे अवघड नाही. ज्या केंद्रात उपचार झाला तेथे पाठपुराव्याच्या गटांची चौकशी करावी. १४४४६ या शासकीय मदतवाहिनीवर विचारावे. काही बैठका 'खुल्या' असतात. त्यांना नातेवाइकांनाही बसता येते, म्हणून पहिल्यांदा तेथे जाणे सोपे पडते. पत्नीसाठी व कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन'चे स्वतंत्र गट असतात. मात्र एक इशारा द्यावयास हवा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास फिट येणे, भ्रम होणे असे धोके संभवतात, क्वचित प्राणावरही बेतते. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्यावे. बैठक हा उपचाराला पर्याय नाही.

खेड्यात गुप्तता कशी राहणार, असा आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. पण पिणारा गावाला आधीच ठाऊक असतो. लपवावे लागते ते सोडण्याचे धडपडणे, कारण त्या धडपडीची थट्टा होते. ही थट्टा थांबविणे हे आपले काम आहे.

मग कार्यकर्त्याने काय करावे? शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली आठवड्यातून दीड तास मिळवून द्यावी. वेळ एस.टी.च्या वेळेशी जुळवावी. पहिल्या खेपेस माणसासोबत दारापर्यंत जावे आणि तेथून परतावे. आत पक्षाचा झेंडा नको, फोटो नको, वर्षपूर्तीचा सत्कार नको. हे गट कोणत्याही पक्षाशी वा पंथाशी स्वतःला जोडून घेत नाहीत, आणि तो नियम त्यांच्या जिवाचा आहे. श्रेय घेण्याची सवय जडलेल्या आपल्यासारख्यांना ही शिस्त जड जाईल. तरीही ती पाळलीच पाहिजे.

सरकारकडे मागावयाचे ते निराळे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा धरली. ज्यांच्या व्यसनावर तिजोरी भरते, त्यांच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात एक समुपदेशक, चार खाटा आणि लागणारी औषधे यांची मागणी आपण ठणकावून केली पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दोन माणसे आणि एक खोली, एवढ्यावर गट सुरू होतो. दोन माणसे मार्गासनीतही मिळतील. खोलीची किल्ली मिळवून देणे आपल्या हाती आहे.