बडोद्याचा पूर आणि हृदयाची वाहिनी

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बडोदे शहर पुराखाली गेले. अतिवृष्टी झालीच, तिच्या जोडीला आजवा जलाशयाचे पाणी विश्वामित्रीत उतरले आणि नदीने पंचवीस फुटांची धोक्याची रेषा ओलांडली. सयाजीराव महाराजांच्या काळी बांधलेल्या या जलाशयाने पिढ्यान्‌पिढ्या नगरवासीयांची तहान भागविली. त्याच पाण्याचे भय त्यांना वाटावे, हा दैवदुर्विलासच!

मानवी देहातही असा प्रसंग घडतो. हृदयाची वाहिनी गुठळीने बंद पडते. औषधाने वा अँजिओप्लास्टीने ती मोकळी झाली की नातलग निःश्वास सोडतात. परंतु उपाशी राहिलेल्या पेशींना एकाएकी मिळालेला प्राणवायू त्यांच्यावरच उलटतो. विषारी मूलकणांचा उद्रेक होतो, पेशींत कॅल्शियम शिरते, वाहिन्यांचे नाजूक अस्तर सुजते आणि पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात. मोठी वाहिनी मोकळी, पण केसासारख्या सूक्ष्म वाहिन्या तुंबलेल्या, अशी विचित्र अवस्था होते. पुराची उपमा मात्र येथेच संपते. तेथे पाणी अधिक झाले. येथे रक्त अधिक नसते, ते पोचण्यास विलंब झालेला असतो. प्रवाह पूर्ववत करावाच लागतो, न केल्यास स्नायूचा मृत्यू अटळ.

रॉबर्ट जेनिंग्ज यांनी १९६० साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून या हानीकडे लक्ष वेधले. प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार घेऊन यलन व हौसेनलॉय यांनी २००७ साली लिहिले की, अंतिम हानीचा निम्म्यापर्यंतचा वाटा या उलट्या आघाताचा असू शकतो. उपायही पुष्कळ शोधले गेले. सायक्लोस्पोरिन २०१५ साली निष्फळ ठरले. दंडावरचा पट्टा आवळून व सैल करून हृदयाला सावध करण्याची युक्ती मोठी मनोहर होती. २०१९ साली पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तिचाही लाभ दिसला नाही. हमखास औषध आजही हाती नाही.

मग उरते काय? वाहिनी बंद राहण्याचा काळ जितका अल्प, तितके तिचे अस्तर सुरक्षित. आणि येथेच आमची खरी तक्रार आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी पाहणीत, छातीत कळ आल्यापासून इस्पितळ गाठेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, भरला होता! छोटा उदेपूरच्या आदिवासी रुग्णाला बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर यावे लागते. सावंतवाडीच्या वा काणकोणच्या रुग्णाची बांबोळीची वाट तरी कुठे सोपी आहे? गोव्यात स्टेमी प्रकल्पाखाली लहान इस्पितळांतून हृदयालेख गोमेकॉतील तज्ज्ञांना दाखवून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच देण्याची सोय झाली, हे स्वागतार्ह आहे. सिंधुदुर्गाच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशी सोय व्हावयास हवी.

नवी यंत्रे आणताना नारळ फुटतात, छायाचित्रे निघतात. परंतु इंजेक्शनानंतर पहिल्या काही तासांत हृदयाचा ठोका बिघडू शकतो, हे ठाऊक असलेली परिचारिका आणि झटका देणारे चालू स्थितीतील यंत्र त्या रात्री रुग्णाच्या खाटेजवळ असते काय? आमच्या आरोग्य खात्यांनी तालुकावार एवढे जरी जाहीर केले, तरी पुढील चर्चा करता येईल.