खालाची मुलगी आणि ब्रॅडफर्डचा हिशेब

“घरातल्या घरात निकाह झाला की सासू म्हणजे खाला किंवा फुफीच, जमीनही घरात राहते.” हे आपण लहानपणापासून ऐकतोय. यातली वैद्यकीय बाजू कुणी काढलीच, तर ‘अल्लाहची मर्जी’ किंवा ‘मुसलमानांना बदनाम करायचा डाव’, ही दोनच उत्तरं मिळतात. मित्रांनो, दोन्ही पळवाटा आहेत.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकांनी पळ काढला नाही. तिथल्या ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ अभ्यासात २००७ पासून सुमारे साडेतेरा हजार बाळांची नोंद झाली. जवळपास निम्मी कुटुंबं पाकिस्तानी वंशाची. आईचं रक्त, नाळेतलं रक्त, घरची परिस्थिती, परिसरातली हवा, सगळं तपासलं जातं आणि ती मुलं मोठी होत असताना अभ्यास चालूच आहे. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांच्या लग्नात जन्मजात व्यंगाचा धोका ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो. दुप्पट. शंभरातली ९४ बाळं धडधाकट असतात, हेही खरं. पण ‘हे गरिबीमुळे होतं’ हा आपला लाडका युक्तिवाद तिथं टिकला नाही.

या आकड्यावरून मुसलमानांना हिणवणाऱ्यांनी तोच लेख पुरता वाचावा. चौतिशीनंतर आई होणाऱ्या गोऱ्या ब्रिटिश स्त्रियांतही धोका असाच दुपटीनं वाढलेला आढळला. आणि मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींतही होतंच की!

पुढे काय झालं? कुणी बंदी घातली नाही. तरी पाकिस्तानी वंशाच्या आयांमध्ये नात्यातली लग्नं दहाएक वर्षांत ६२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आली.

आपल्याकडे असं काम होत नाही असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा असाच पाठपुरावा केलाय. उद्या आपल्या मोहल्ल्यात कुणी आलं, तर दार लावू नका. रक्त द्या, पण ‘देवनारच्या डम्पिंगशेजारची हवाही मोजा’ असं ठणकावून सांगा. नुसता आमचा निकाह मोजणार असाल तर चालायचं नाही.

तोवर एक करता येईल. बोलणी पक्की होण्याआधी दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. आणि हा रिपोर्ट मुलीनं मागितला, तर ‘फार शिकली’ म्हणून तिचं तोंड बंद करू नका.