निकालाने न सुटणारी दिल्ली

११ मे २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुका निर्वाचित सरकारच्या अखत्यारीत असल्याचा एकमुखी निर्णय दिला. आठ दिवसांत, १९ मे रोजी, केंद्राचा अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार बदल्यांची शिफारस करणाऱ्या तिघांच्या प्राधिकरणात मुख्यमंत्री एक आणि अधिकारी दोन. अंतिम शब्द नायब राज्यपालांचा. यात राजकीय कुरघोडी होतीच. वकिलांनी मात्र ती शक्य कशामुळे झाली ते पाहायला हवे. ६९व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २३९ एए दिल्लीला विधानसभा देतो, पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था व जमीन हे विषय तिच्या हाती देत नाही, आणि उरलेल्या राज्यसूचीवरही कायदे करण्याची मुभा संसदेला ठेवतो. न्यायालयात मिळवलेले संसदेत साध्या बहुमताने काढून घेता येते, हे पक्षकाराला याचिकेआधीच सांगितलेले बरे.

म्हणून आमच्या मते दिल्लीला राज्याचा दर्जा द्यावा, पण राजधानीचा भाग वगळून. राष्ट्रपती भवन, संसद, सर्वोच्च न्यायालय आणि चाणक्यपुरीतले दूतावास नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या सुमारे ४३ चौरस किलोमीटरच्या हद्दीत आहेत. दिल्लीचे एकूण क्षेत्र १,४८३ चौरस किलोमीटर आहे. केंद्र सरकारने राज्याच्या पोलिसांवर विसंबून राहू नये, हा आक्षेप या छोट्या तुकड्यापुरता रास्त आहे. त्यापायी नरेला किंवा नजफगडच्या पोलीस ठाण्याचा कारभार गृहमंत्रालयाकडे कशाला हवा? सीमारेषा सरळ येणार नाही. छावणी आणि पालमचा विमानतळ यांची वेगळी सोय लावावी लागेल. पण एका केंद्रशासित प्रदेशाचे असे दोन भाग आपण केलेले आहेत. १९८७ मध्ये गोवा राज्य झाले, दमण व दीव केंद्राकडे राहिले. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकांतही हीच युक्ती होती: व्हाइट हाऊस व कॅपिटॉलभोवतीचा लहान संघीय भाग ठेवून उरलेल्या वॉशिंग्टनचे राज्य. सिनेटमध्ये ती अडली. मात्र तिथली कैफियत इथे जशीच्या तशी उचलू नये. वॉशिंग्टनकरांना मतदानाचा हक्क असलेला खासदारच नाही; दिल्लीचे लोकसभेत ७ आणि राज्यसभेत ३ सदस्य आहेत. दिल्लीची तक्रार प्रतिनिधित्वाची नसून कारभाराची आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. दिल्ली पोलिसांचा खर्च आज केंद्र उचलते. राज्य झाल्यावर शहराच्या पोलिसांचा भार नव्या तिजोरीवर येईल. उलट, केंद्रशासित प्रदेश म्हणून आज वित्त आयोगाच्या वाटपाबाहेर असलेली दिल्ली केंद्रीय करांतल्या वाट्याला पात्र ठरेल. दोन्ही बाजूंची गोळाबेरीज विधेयकाच्या मसुद्यासोबत यायला हवी. मदनलाल खुराणांपासून शीला दीक्षित आणि अरविंद केजरीवालांपर्यंत मुख्यमंत्र्यांनी ही मागणी केली, लालकृष्ण अडवाणींनी २००३ मध्ये लोकसभेत विधेयकही मांडले, ते बारगळले. फेब्रुवारी २०२५ नंतर केंद्रात आणि दिल्लीत एकाच पक्षाची सरकारे आल्याने वाद निवला, आता घाई कशाला, असे काही जण म्हणतात. आम्हाला उलट वाटते. भांडण ऐन भरात असताना कोणत्याच केंद्र सरकारला विरोधकाच्या हाती पोलीस देववणार नाहीत. आज ती अडचण नाही, आणि अनुच्छेद २३९ एए बदलायला लागणारे दोन तृतीयांश मतदान विरोधकांना सोबत घेऊन जमवता येईल.