चकाकी विकत घ्यावी की रंग राखावा?

सकाळी सहा-साडेसहाला वर्धा रोडवर खापरीच्या आसपास उभे राहिले, की मिहानकडे वळणाऱ्या पांढऱ्या गाड्यांची रीघ दिसते. टी.सी.एस., एच.सी.एल., इन्फोसिस अशा कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या, विमानतळाच्या आणि एम्सच्या सवाऱ्या करणाऱ्या ह्या गाड्या. त्यांच्या स्टिअरिंगवर आपल्या वस्त्यांतील पोरे आहेत. ज्यांच्या बापजाद्यांची शेती मिहानमध्ये गेली अशी शिवणगाव, तेल्हारा, दहेगावकडची पोरेही आहेत. गाडी बँकेच्या कर्जाची, हप्ता चार-पाच वर्षांचा. हप्ते फिटले न फिटले तोच गाडी विकून दुसरी घेण्याची वेळ येते आणि त्या दिवशी गिऱ्हाईक इंजिनाच्या आधी बोनेटचा रंग पाहते. रंग उडालेला दिसला, की भाव पाडून मागायला त्याला निमित्त मिळते.

घरखर्चाच्या सदरात मोटारीच्या रंगाचा विषय कशाला, असे विचारणाऱ्या वाचकांना आमचे हेच उत्तर आहे. शिवाय ह्या विषयाची दुसरी बाजूही आपल्या घरातलीच आहे. शहरात ठिकठिकाणी 'कार डिटेलिंग'च्या पाट्या लागल्या आहेत. आत मशीन धरून दिवसभर उभी असणारी मुलेही आपलीच. तेव्हा पैसे देणारा आणि घाम गाळणारा, दोघांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर सर्वांत खाली, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा बिनरंगी क्लिअर कोट. हे सर्व मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड निघेल! गाडीची चकाकी ह्या एवढ्याशा थरात आहे, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्येही त्यातच असतात. जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीला असा वेगळा थर नसे. त्यांना पॉलिश केले की फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा आणि मालकाला कळायचे की काहीतरी कमी होत आहे. आता फडके पांढरेच राहते. थर मात्र तेव्हाही झिजत होता, आताही झिजतो.

आम्ही पडलो कॉमर्सवाले, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. क्लिअर कोट हे भांडवल आहे. गॅरेजवाला ज्याला 'रबिंग मारणे' म्हणतो आणि नव्या दुकानात ज्याला 'पेंट करेक्शन' म्हणतात, त्यात ओरखडा भरला जात नाही. ओरखड्याच्या बाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. चांगल्या हाताने केले तर एका वेळी काही मायक्रॉन जातात, अडाणी हाताने केले तर किती जातील सांगता येत नाही. ही रक्कम भांडवलातून उचललेली आहे आणि ती परत खात्यात जमा होत नाही. दर दिवाळीला गाडी घासून चमकावणाऱ्या मालकाच्या गाडीचे टप आणि बोनेट पुढे पांढरे पडून पापुद्रे सुटू लागतात. तिथवर गोष्ट गेली, की जगातले कोणतेही पॉलिश कामाचे नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

मग ओरखडे पडतात कशाने? दगड, काटे, शेजाऱ्याची सायकल ही कारणे आहेतच. पण उन्हात गाडीकडे पाहिले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेषा दिसतात, त्या आपणच पाडलेल्या असतात. खरे तर त्या गोल नसतातच. सर्व दिशांना पडलेल्या बारीक रेषांपैकी ज्या उजेडाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल वाटतात. आणि त्या पडतात ड्युटीवर निघण्याआधी गाडी कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे. मिहानकडच्या रस्त्यांवर बांधकामाची धूळ असते, त्या धुळीत वाळूचे कण असतात. कोरडे फडके फिरवले म्हणजे आपण नकळत सँडपेपर फिरवतो. आमचे सांगणे असे, की पाणी नसेल तर पुसूच नका. धूळ नुसती बसून राहिल्याने रंगाचे फारसे काही बिघडत नाही, ती रगडल्याने बिघडते. काचा आणि आरसे तेवढे ओल्या कापडाने स्वच्छ करावेत आणि निघावे.

धुवायचे तेव्हा सावलीत, बोनेट थंड झाल्यावर. आधी वरून नुसते पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचे मऊ कापड शांपूत बुडवून वरून खाली यावे आणि पुन्हा शांपूत घालण्यापूर्वी दुसऱ्या बादलीत खळबळून माती तिथेच सोडावी. चाके आणि खालचा चिखलाचा भाग सर्वांत शेवटी, वेगळ्या कापडाने. जमिनीवर पडलेले कापड पुन्हा गाडीला लावायचे नाही. एवढ्यात अर्धे डिटेलिंग आले. घरातली कपड्यांची पावडर वापरू नये. तिने गाडीवरचा मेणाचा थर निघून जातो. बोअरवेलचे पाणी उन्हात वाळले तर त्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात, म्हणून धुतल्याबरोबर पाणी टिपून घ्यावे.

आपल्या नागपूरचे ऊन हा तर स्वतंत्र विषय आहे. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. ते यंत्रच बिघडलेले असल्याचे पुढे निष्पन्न झाले, पण वाचणाऱ्या नागपूरकराला त्यात अशक्य असे काही वाटले नाही! ४५ अंशांत उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर पाखराची विष्ठा पडली, की तिच्यातले आम्ल क्लिअर कोट खाते आणि डाग कोरल्यासारखा राहतो. ती संध्याकाळपर्यंत ठेवू नये. ओले कापड काही मिनिटे वर ठेवून, मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, खरवडू नये. रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर कधी नारिंगी ठिपके दिसतात. ते चाकांच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले, रंगात रुतून गंजलेले लोखंडाचे कण असतात. त्यासाठी वेगळे द्रव मिळते, ते घासून काढायचे नसतात.

आणखी एक गोष्ट, आपल्या घरची. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बोनेटवर निळा झेंडा बांधतात. झेंडा अवश्य लावावा, पण त्याची काठी आणि दोरी दिवसभर वाऱ्याने रंगावर आपटत असते, हे लक्षात ठेवून खाली मऊ कापडाची घडी घालावी. स्टिकर लावायचा तो मागच्या काचेच्या कडेला लावावा. रंगावर लावलेला स्टिकर काही वर्षांनी काढला, तर भोवतालचा रंग उन्हाने फिका झालेला असतो आणि अक्षरांचा आकार गाडीवर तसाच राहतो.

आता दुकानात जाण्याची वेळ आलीच, तर काय पाहावे? ओरखड्यावरून अलगद नख फिरवा. नख अडकले तर ओरखडा खोल आहे. तो पॉलिशने काढू म्हणणारा एकतर थर पार घासून काढील किंवा नुसतेच पैसे घेईल. गाडी धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून फिरवा. खरखर जाणवली तर रंगात कण रुतलेले आहेत. ते क्ले नावाच्या मातीसारख्या गोळ्याने, भरपूर ओलाव्यावर काढतात आणि मगच मशीन लावतात. चांगला कारागीर सरळ सगळ्या गाडीवर मशीन फिरवत नाही. हातभर जागेवर आधी सौम्य पॉलिश लावून पाहतो, आणि तेवढ्याने भागले तर तिथेच थांबतो. जाडी मोजण्याचे यंत्रही तो लावतो. मात्र साधे यंत्र सर्व थरांची एकूण जाडी दाखवते, क्लिअर कोट किती उरला ते वेगळे दाखवत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. आकडा १०० च्या बराच खाली असेल तर मशीनला नाहीच म्हणावे. २००-३०० दाखवत असेल तर तो भाग पूर्वी रंगवलेला आहे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने ही खूण ध्यानात ठेवावी.

एक युक्ती मात्र सर्रास चालते. पॉलिशमधले तेल ओरखड्यांत जाऊन बसते, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसते आणि दोन धुण्यांत जाळी परत येते. म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, वर कोणतेही कोटिंग चढवण्याआधी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसायला सांगा आणि गाडी उन्हात घेऊन पाहा. जो दुकानदार ह्याला कां कूं करतो, त्याचे काम तुम्ही ओळखले.

संरक्षणाच्या नावाने पूर्वी 'टेफ्लॉन' विकले जाई, आता 'सिरॅमिक' विकले जाते. मेणाचा थर स्वस्त, पण आपल्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत उतरतो. सिरॅमिक म्हणजे सिलिकावर आधारलेला अतिशय पातळ लेप. तो चांगला बसला तर वर्ष-दोन वर्षे किंवा अधिक टिकतो, पाणी आणि चिखल चटकन निसटतो, धुण्याचे श्रम कमी होतात. हे त्याचे खरे गुण आहेत. पण '९ एच कडक, ओरखडा पडणारच नाही' ही जाहिरात तपासून घेतली पाहिजे. हे ९ एच पेन्सिलीच्या शिशाचे माप आहे! ९ एच पेन्सिलीने रेघ उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतो. कोरडे फडके सिरॅमिकवरही जाळी पाडते. दगडाचा मार खरोखर सोसणारी वस्तू म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, जिला पी.पी.एफ. म्हणतात. तिचा उगम व्हिएतनाम युद्धातला आहे. वाळूच्या माऱ्यापासून हेलिकॉप्टरची पाती वाचवण्यासाठी तशी फिल्म लावू लागले. मिहानच्या हद्दीत बोइंगने उभारलेले, २०१५ साली सुरू झालेले विमानदुरुस्ती केंद्र आहे; विमानाच्या धंद्यातली ही विद्या रस्त्यावरच्या गाडीपर्यंत अशी उतरली. पूर्ण गाडीला फिल्म लावणे भाड्याच्या गाडीला परवडणारे नाही. बोनेटची पुढची कड आणि दारांच्या मुठीमागची वाटी, जिथे सवारीची नखे लागतात, एवढ्या भागाला लावून घ्यायला हरकत नाही.

आमचा हिशेब विचाराल, तर ज्याचा हप्ता चालू आहे त्याने पंधरा-वीस हजारांच्या कोटिंगमागे लागू नये. दोन बादल्या, चार चांगली कापडे, शांपू आणि तीन-चार महिन्यांनी हाताने लावायचे सीलंट पुरे. विम्याचेही एक सांगून ठेवतो. अपघातानंतरच्या रंगकामात विमा कंपनी फक्त मालाच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापते. बिलात माल-मजुरी वेगळी नसेल तर एकूण रंगकामाचे २५ टक्के माल धरतात. म्हणजे १०,००० रुपयांच्या एकत्र बिलात २,५०० माल आणि कपात १,२५०. झिरो डेप्रिसिएशन घेतले असेल तर हीदेखील नाही. पण किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करू नये, नो क्लेम बोनस जातो. कोटिंगवाल्याने फसवलेच, तर लेखी वॉरंटी आणि पक्के बिल घेऊन १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. गाडी भाड्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी धरलेली नाही.

आता मशीन धरणाऱ्या मुलांविषयी. हे काम कौशल्याचे आहे, त्यात नजर आणि हात दोन्ही लागतात आणि मुलीही ते उत्तम करू शकतील. पण चकाकीची किंमत फुप्फुसाने द्यायची नसते. गाडी पुन्हा रंगवताना क्लिअर कोटमध्ये जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही झटका येतो. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून काहीही उपयोग नाही. रसायनाच्या वाफेसाठी असलेला कार्ट्रिजचा किंवा बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. तो मालकाने द्यायचा आहे. चाके चमकवायला बिनलेबलच्या डब्यातले ॲसिड वापरतात, त्यात काही वेळा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते कातडीतून आत शिरते, आग उशिरा जाणवते आणि हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोचते. हातावर सांडले तर भरपूर पाण्याने धुवावे, दुखायची वाट पाहू नये आणि डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. बिनलेबलचा डबा हाताळायला नकार देणे हा कामचुकारपणा नव्हे. ओल्या फरशीवर मशीनची अर्थिंग तपासून घ्यावी. दुकानात दहा किंवा अधिक कामगार असतील तर ई.एस.आय. लागू होते, मालकाला नंबर मागावा. आणि ज्याला ह्या कामात पुढे जायचे आहे त्याच्यासाठी आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये तो चालतो का आणि अर्ज केव्हा निघतात, ते पालकांनी निकालाची वाट न पाहता आधीच विचारून ठेवावे.