दाराबाहेरचे आप्त

अत्यवस्थ रोगी इस्पितळांत येतांच पहिली आज्ञा सुटते, "नातेवाइकांनीं बाहेर थांबावें !" आक्रोशानें उपचारांत व्यत्यय येईल, ही भीति अगदींच निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु ती अनुभवाच्या कसोटीस लावली पाहिजे. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील जॅक्सन येथील फूट इस्पितळानें १९८२ पासूनच तातडीच्या विभागाचें दार आप्तांस उघडलें. पुढें फ्रान्समध्यें, हृदयक्रिया बंद पडलेल्या रोग्यांवर घरींच उपचार चालू असतां, ५७० आप्तांची पाहणी झाली. कांहींना जवळ थांबण्याविषयीं मुद्दाम विचारलें. इतरांच्या बाबतींत नेहमींचाच परिपाठ ठेवला. निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. आप्त जवळ असल्यानें रोगी वांचण्याच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं, कीं डॉक्टरांच्या मनावरील ताण वाढला नाहीं. उलट, ज्यांना विचारलें होतें त्यांच्यांत तीन महिन्यांनंतर मानसिक आघाताचीं लक्षणें कमी आढळलीं.

तेव्हां कोणास बळेंच आंत नेऊं नये, तसेंच बळेंच बाहेरही घालवूं नये. आधीं विचारावें, जो आंत येईल त्याच्याजवळ, काय चाललें आहे तें समजावून सांगणारी एक परिचारिका असावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें वैद्यकाचा वा शुश्रूषेचा पेशा पत्करतील, त्यांनीं दार लावण्यापूर्वीं एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.