विश्लेषण : यादीत नाव आहे, मग शोधात का येत नाही? मराठी संकेतस्थळांना अडणारे ‘वऱ्हाड’

समजा, भातकुली तालुक्यातल्या एका गावात लाभार्थ्यांची यादी ऑनलाइन लागली. मोबाइलवर यादी उघडली, शोधाच्या चौकटीत ‘वऱ्हाडे’ हे आडनाव टाकले. उत्तर आले, ‘एकही नोंद सापडली नाही’. मग सेतू केंद्राची फेरी, तिथून तहसील कार्यालय. तिथे छापील यादीवरून बोट फिरवले, तर नाव तिसऱ्याच पानावर. माणूस पात्र होता, यादी बरोबर होती, इंटरनेटही सुरू होते. मग चुकले कुठे? बहुतेक वेळा ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून विषय मिटवला जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा संकेतस्थळ बांधणाऱ्याने मराठी अक्षरे कशी साठवली, यात असतो.

दिसायला सारखे, संगणकाला वेगळे

हे दोन शब्द पाहा : वऱ्हाड आणि वर्‍हाड. डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह (यू+२००डी) आहे. पहिल्याची चिन्हे ६ भरतात, दुसऱ्याची ७. जावास्क्रिप्टला हे दोन शब्द समान आहेत का विचारले, तर उत्तर सरळ ‘नाही’ येते.

एकाच अक्षरासाठी दोन वाटा का? जोडचिन्हाची पद्धत १९९६ मधल्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली. पुढे ‘ऱ’ची पद्धत योग्य मानली गेली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून आधीचीही ठेवली. त्यामुळे यादी भरणाऱ्याचा कीबोर्ड एका वाटेने गेला आणि शोधणाऱ्याचा मोबाइल दुसऱ्या वाटेने, तर दोघांची गाठ पडत नाही.

हा प्रश्न चार-दोन आडनावांपुरता असता, तर सोडून देता आला असता. पण ‘शेतकरी’ या शब्दाला विभक्ती लागली की ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांची’ होते. कर्मचाऱ्यांची बदली, अधिकाऱ्यांचा आदेश, व्यापाऱ्यांचा परवाना, सगळीकडे हाच अर्धा र. सरकारी मराठीचे एक पानही त्याच्याशिवाय पुरे होत नाही.

अर्धवट उपाय जास्त महागात पडतो

इथे हुशार प्रोग्रामर एक सोपा तोडगा काढतो : न दिसणारी सगळी चिन्हे काढून टाका. सुरक्षिततेच्या नावाखालीही हे केले जाते. परिणाम असा की ‘र्‍ह’मधले जोडचिन्ह जाते, र उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ‘वऱ्हाडे’ यांचे ‘वर्हाडे’ होते. दाखल्यावर एकदा असे छापून आले, की ते नाव बदलून घेण्याचे काम त्या माणसाच्या गळ्यात.

काही डेटाबेसच्या तुलनापद्धती हा भेद आपोआप गिळतात. त्याने शोध जमतो, पण ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ही एकच ठरतात. शोधाच्या चौकटीत हे चालून जाईल. दोन व्यक्तींची नोंद एकच आहे का, हे ठरवताना मुळीच चालणार नाही.

बरा मार्ग असा. मजकूर साठवतानाही आणि शोधतानाही तो एकाच छाननीतून न्यावा. आधी युनिकोडचे प्रमाणीकरण करावे, एनएफसी नावाची पद्धत त्यासाठीच आहे. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण एनएफसी या दोन ‘वऱ्हाडां’ना एक करत नाही. म्हणून त्यानंतर ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा क्रम दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ करणारी एक ओळ आपली आपण लिहावी. मोजून एक ओळ. आधीच भरलेल्या नोंदींवरूनही ती एकदा फिरवावी, नाहीतर नवे नियम आणि जुना डेटा यांची पुन्हा चुकामूक.

भातकुली किती अक्षरांची?

वाचणारा म्हणेल चार : भा, त, कु, ली. काना-मात्रा वेगळ्या धरणारा संगणक म्हणतो सात. यूटीएफ-८ मध्ये साठवले तर २१ बाइट, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. इंग्रजी अक्षराला एकच लागतो. आता एखाद्या फॉर्मात गावाच्या नावाला ३० बाइटची मर्यादा असेल, तर ‘नांदगाव खंडेश्वर’चे ‘नांदगाव खं’ उरते. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये, वेगळे सांगितले नाही तर, मर्यादा बाइटमध्येच मोजली जाते. ‘३० अक्षरे पुरेत’ हा हिशेब इंग्रजी नावे समोर ठेवून केलेला असतो.

तालुका किंवा गाव तर मजकूर म्हणून साठवूच नये. ‘वरुड’ कोणी ‘वरूड’ लिहितो, ‘चांदूर’चे ‘चांदुर’ होते, आणि चांदूर तरी कोणते, रेल्वे की बाजार? केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका प्रत्येक गावाला क्रमांक देते. डेटाबेसमध्ये तो ठेवावा, पडद्यावर नाव दाखवावे.

आकड्यांचीही तीच कथा. मराठी कीबोर्डवरून कोणी गट क्रमांक ‘४४’ असा देवनागरीत भरला, की जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही आणि फॉर्म लाल अक्षरांत ‘कृपया योग्य क्रमांक भरा’ म्हणतो. क्रमांक योग्यच असतो. (पायथन मात्र देवनागरी अंक निमूट स्वीकारते.) देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घेणे हे प्रोग्रामचे काम. ते अर्जदारावर ढकलणे म्हणजे आळस. वर्णक्रम लावतानाही मराठीचा नियम सांगावा लागतो. साध्या क्रमवारीत ‘काळे’ हे ‘कावरे’ यांच्या आधी येतात, कारण युनिकोडने ळ ला ल शेजारी बसवले आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो.

जुन्या फॉन्टचा वारसा

याहून जुने दुखणे म्हणजे कृतीदेव, श्रीलिपी यांसारखे फॉन्ट. लग्नपत्रिका छापणाऱ्यापासून कार्यालयातल्या टंकलेखकापर्यंत अनेकांची बोटे त्यावरच बसलेली. त्यांत काही गैर नाही, छपाईपुरते. पण कृतीदेवमध्ये ‘भातकुली’ लिहिले, की संगणकात प्रत्यक्षात एच, के, के, आर, डी, क्यू, वाय, एच ही इंग्रजी अक्षरे साठतात. फॉन्टने वरून मराठीचा मुखवटा चढवलेला. तो फॉन्ट ज्या मोबाइलमध्ये नाही तिथे मुखवटा गळतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत भरलेला असल्याने पान सुंदर दिसते, पण नाव शोधायला जावे तर हाती काही लागत नाही. दृष्टिहीन व्यक्तीचे वाचक सॉफ्टवेअरही तिथे अडखळते. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ मध्येच ठरवले आहे.

परीक्षा कोणत्या शब्दाने घ्यावी?

वेब डेव्हलपमेंट शिकवणारे बहुतेक धडे इंग्रजीतून असतात आणि त्यांतली नमुना नावेही तिकडचीच. त्या नावांवर चाललेला फॉर्म अमरावती जिल्ह्यात चालेल, असे गृहीत धरले जाते. इंग्रजी संकेतस्थळ आधी बांधायचे आणि शेवटच्या आठवड्यात भाषांतराचे बटण चिकटवायचे, या सवयीत वरच्या जवळपास सगळ्या चुकांचे मूळ आहे. बडनेरा-अमरावतीत अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात ‘मराठी नावांचा अचूक शोध’ हा विषय दरवर्षीच्या ग्रंथालय व्यवस्थापन प्रणालीपेक्षा नक्कीच उपयोगाचा ठरेल.

संकेतस्थळ स्वीकारणाऱ्या कार्यालयाला यातले तंत्र कळण्याची गरज नाही. कंत्राटदारासमोर बसून साध्या मोबाइलवर ‘वऱ्हाडे’ आणि ‘गोऱ्हे’ शोधून पाहावे. दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवरून तेच पुन्हा. मग ‘नांदगाव खंडेश्वर’ भरून ते पावतीवर पूर्ण छापले जाते का, आणि गट क्रमांक देवनागरीत घेतला जातो का, हे तपासावे. यादी पीडीएफमध्येच द्यायची असेल, तर तिच्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवून बघावी. तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला, तर बिल मंजूर करण्याआधी फाइल परत पाठवावी.